शंभर खुर्च्या, आठ हजार रुपये

(वाचकांचे प्रश्न. या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले, स्वतंत्रपणे केलेल्या चित्रपटांच्या खेळांबद्दलचे.)

प्रश्न : वागळे इस्टेटमधला कारखाना बंद पडल्यावर एका फिटरच्या घरात काय होतं, यावर आम्ही 85 मिनिटांचा मराठी चित्रपट केलाय. महिन्याभरानंतरच्या शनिवारी संध्याकाळी 120 खुर्च्यांचं सभागृह मिळालंय. तिकीट 150 रुपये. प्रसिद्धीसाठी हातात 8,000 रुपये आहेत. होर्डिंग परवडणार नाही. मग खर्च कुठे करावा?
— एक दिग्दर्शिका, घंटाळी, ठाणे

उत्तर : होर्डिंग परवडलं असतं तरी आम्ही नकोच म्हटलं असतं. 120 खुर्च्यांसाठी अख्ख्या ठाण्याला हाक मारायची गरज नाही. तुमचा प्रेक्षक तुमच्या गोष्टीतच आहे. किसननगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर इथे वागळे इस्टेटमध्ये पाळ्या केलेली माणसं आणि त्यांची मुलं राहतात. सुरुवात तिथून करा. ‘दर्जेदार सिनेमाचे रसिक’ नंतर.

पाहुणे आणि कलाकारांच्या घरच्यांसाठी 20 खुर्च्या बाजूला ठेवा. उरल्या 100. आता दहा माणसं शोधा, प्रत्येकाकडे दहा खुर्च्यांची तिकिटं. ही माणसं नाटक-सिनेमातली नकोत; ती मंडळी पास मागतात. युनियनचा जुना कार्यकर्ता, ज्येष्ठ नागरिक संघाचे सचिव, भजनी मंडळ चालवणाऱ्या काकू, आयटीआयमधले निदेशक, वाचनालयाचे ग्रंथपाल, अशी ज्यांच्या शब्दावर चार घरं बाहेर पडतात ती माणसं. त्यांना लिंक पाठवू नका, जाऊन भेटा, आणि ट्रेलरऐवजी तीन मिनिटांचा एक सलग प्रसंग दाखवा. ट्रेलर पाहून लोक ‘छान’ म्हणतात. प्रसंग पाहून ‘पुढे काय होतं?’ विचारतात.

खेळाच्या पाच दिवस आधी ज्या खुर्च्यांचे पैसे आले नसतील त्या परत घेणार, हे पहिल्याच भेटीत सांगा. बहुतेक आयोजक इथे भिडेखातर गप्प बसतात. मग ऐन वेळी कळतं, की ‘धरून ठेवलेल्या’ खुर्च्यांवर कोणीच नाही आणि विचारणाऱ्यांना मात्र ‘हाऊसफुल्ल’ सांगून परत पाठवलंय.

पैशांचं असं करा. छपाईला 1,500 : मोजकी ए-3 पोस्टरं आणि एकरंगी हस्तपत्रकं. पाचशेच्या आत पत्रकं असतील तर ऑफसेटच्या नादी लागू नका, डिजिटल किंवा चांगली झेरॉक्स पुरते. दहा जणांकडे जाणं-येणं आणि चहापाण्याला 1,500. इन्स्टाग्राम-फेसबुकच्या जाहिरातीला 2,000, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 2,360. उरलेले 2,640 शेवटच्या आठवड्यापर्यंत हात न लावता ठेवा. जिथून खरोखर तिकिटं जाताहेत असं तोवर दिसेल, तिथे ते घाला.

जाहिरात शेवटच्या दहा दिवसांतच चालवा, आणि सभागृहाभोवतीच्या पाच-सहा किलोमीटरपुरती. पोस्टखालचं ‘बूस्ट’चं बटण दाबून मोकळं होऊ नका, उद्दिष्ट नीट निवडलं नाही, तर लाइक देणारेच मिळतात, मग ते जळगावचे का असेनात. लिंकवर किंवा मेसेजवर येणाऱ्यांसाठीचा पर्याय निवडा.

फोनसाठी पोस्टर वेगळं लागतं. छापायचं पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की तारीख मुंगीएवढी दिसते. 1080 बाय 1350 पिक्सेलचं करा. त्यावर नाव, वार-तारीख-वेळ, ठिकाण, तिकीट, लांबी आणि यूपीआयचा क्यूआर, बस. चित्रपट महोत्सवांत निवड झाल्याची पानाफुलांची चिन्हं रांगेने लावायचा मोह होतो. किसननगरच्या काकांना त्यांतून काहीही कळत नाही. त्या जागी ‘85 मिनिटं, रात्री 9 पर्यंत मोकळे’ असं लिहिलंत तर घरात मोठी माणसं असलेल्यांना यायचं ठरवता येतं.

प्रश्न : आमचा खेळ मोफत होता. गुगल फॉर्मवर 240 नावं आली, प्रत्यक्षात 61 माणसं. आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवरून आठवणही केली होती. चुकलं कुठे?
— एक आयोजक, नेरूळ

उत्तर : फुकटच्या नावनोंदणीला वजन नसतं. 50 रुपये जरी घेतलेत, तरी यादी आखडेल. पण उरलेली नावं पक्की असतील. पैसे घ्यायचेच नसतील, तर ‘खेळाच्या दहा मिनिटं आधी न आल्यास जागा दुसऱ्याला’ असं फॉर्मवरच लिहा आणि तसं करा.

दुसरी चूक तुमच्या लक्षात न येण्यासारखी आहे. ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यांनाच पोहोचतो. फॉर्म भरणाऱ्या अनोळखी माणसाने तो केलेला नसतो. म्हणजे तुमची आठवण बहुतेकांपर्यंत गेलीच नसणार. फॉर्मनंतर लगेच ‘हा नंबर सेव्ह करून “हो” पाठवा’ असं सांगा. ‘हो’ न आलेल्यांना आदल्या दिवशी फोन लावा. चार जणांत वाटलेत तर फार तर 60-60 फोन होतात, एका संध्याकाळचं काम.

पत्ता आणि दिवस हेही तपासा. नवी मुंबईत ‘सेक्टर 15’ वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे, बेलापूरला आहे आणि खारघरलाही. नुसता सेक्टर आणि प्लॉट नंबर लिहिलात तर रिक्षा भलतीकडे जाते. स्टेशन, पूर्व की पश्चिम, जवळची ठळक खूण आणि नकाशाची लिंक, चारही द्या. रविवारी दुपारचा खेळ तर टाळाच. मेगाब्लॉक बहुतेक रविवारी साधारण अकरा ते चारच्या दरम्यान असतो आणि नेमकं वेळापत्रक एक-दोन दिवस आधी कळतं. ठाणे आणि नवी मुंबई जोडणारी ट्रान्स-हार्बर लोकल बंद असली की ठाण्याहून येणारा घरीच बसतो. पाचनंतरची वेळ घ्या.

प्रश्न : स्टेशनबाहेरच्या खांबांवर, पुलाखाली रात्री पोस्टरं चिकटवली तर चालतील?
— एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : नाही. मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा महाराष्ट्राचा 1995 चा कायदा आहे, आणि पोस्टरवर तुमचाच फोन नंबर छापलेला असतो. शोधायलाही लागत नाही. सोसायटीचा फलक, झेरॉक्सवाला, वाचनालय, क्लासेस, केशकर्तनालय इथे विचारून लावा. खेळ झाला की स्वतः जाऊन काढा, पुढच्या वेळी जागा मिळते.

प्रश्न : हॉल आमचा, पाहुणे आमचे. तरी सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं का?
— एक गट, खारघर

उत्तर : इन्स्टाग्रामवर ‘सर्वांना आमंत्रण’ टाकलंत, तिकीट विकलंत, की पाहुणे तुमचे राहत नाहीत. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार जाहीर प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं. तारीख जाहीर करण्याआधी ते हातात हवं, नाहीतर छापलेलं सगळं रद्दीत. 2023 च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचा) या वर्गात वयानुसार 7+, 13+ आणि 16+ असे भाग झालेत. तुम्हाला मिळालेला नेमका वर्ग पोस्टरवर छापा. मुलांना आणावं की नाही, हा फोनवर हमखास विचारला जाणारा प्रश्न असतो.