चित्र तलवारबाजीचं, गेम पत्त्यांचा: चित्रकाराचे राहिलेले पैसे अडवता येतील का?

प्रश्न: आम्ही दोघा मित्रांनी पुण्यात कॉम्प्युटरसाठी एक गेम तयार केला. किल्ल्याला वेढा पडला आहे आणि पत्ते खेळून रसद, दारूगोळा, माणसं सांभाळायची, असा सावकाश, डोकं लावून खेळायचा गेम आहे. स्टीम या कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातल्या आमच्या पेजवरच्या चित्रासाठी एका फ्रीलान्स चित्रकाराशी 45,000 रुपयांत, दोन वेळच्या दुरुस्त्या धरून ठरलं. वेगळा करार नाही, सगळं ईमेल आणि व्हॉट्सॲपवर. 30,000 दिले आहेत. चित्र सुरेख आहे, पण त्यात तलवार उगारलेला मावळा आहे. लोक ॲक्शन गेम समजून विकत घेतात आणि तासाभरात रिफंड मागतात. काही रिव्ह्यूंमध्ये तर ‘फसवणूक’ असं लिहिलं आहे. एकदा दुरुस्ती झाली, तीही फक्त रंगांची. आता चित्रकार उरलेले पैसे मागतो आहे, लेयर असलेली, म्हणजे चित्राचा एकेक थर सुटा बदलता येणारी, मूळ फाईल द्यायला नकार देतो आहे, आणि दुसऱ्याकडून चित्र बदलून घेतलं तर स्टीमकडे कॉपीराइटची तक्रार करीन म्हणतो आहे. पैसे अडवता येतील का? चित्र बदलता येईल का? आणि एखादं गिऱ्हाईक आमच्यावर केस करू शकेल का?

उत्तर: तुम्ही जोडलेले ईमेल आणि चित्र दोन्ही नीट पाहिलं. अगदी पहिल्या ईमेलमध्ये तुम्ही लिहिलं आहे: ‘बुरुजावर मावळा, एकदम जोशात, बघताक्षणी अंगावर आला पाहिजे.’ चित्रकाराने तेच काढलं. कच्चं रेखाटन आल्यावर तुम्ही ‘मस्त, पुढे जाऊ द्या’ असं उत्तर दिलं. गेम पत्त्यांचा आहे, सावकाश खेळायचा आहे, हे त्या सगळ्या पत्रव्यवहारात कुठेही नाही. त्यामुळे ‘चित्रातून गेमचा प्रकार कळत नाही’ हे खरं असलं तरी तो करारभंग होत नाही. जे ठरलंच नव्हतं, ते केलं नाही म्हणून पैसे कापता येत नाहीत. रिफंडमुळे झालेलं नुकसानही त्याच्याकडून मागता येणार नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 73 प्रमाणे भरपाई मिळते ती करारभंगातून साहजिकपणे होणाऱ्या किंवा करार करताना दोघांनाही माहीत असलेल्या नुकसानीची. इथे मुळात भंगच नाही.

तरीही तुमच्या हातात काहीच नाही असं नाही. दोन दुरुस्त्या ठरल्या होत्या, एकच झाली. दुसरी तुमच्या हक्काची आहे आणि ती पूर्ण होईपर्यंत उरलेले 15,000 रुपये थांबवणं रास्त आहे. फक्त पैसे नाकारू नका, ‘दुसरी दुरुस्ती आणि चित्राचे कॉपीराइट हक्क आमच्या नावे केल्याचा कागद मिळताच सात दिवसांत देतो’ असं लेखी कळवा. नकार दिलात तर करार तुम्हीच मोडला असं तो म्हणू शकतो.

ही दुसरी दुरुस्ती वाया जाऊ देऊ नका. मागच्या वेळी ‘थोडं वेगळं करा’ एवढंच सांगितलंत, म्हणून रंग बदलून आले. स्टीमच्या शोधयादीत हे चित्र 120 बाय 45 पिक्सेलपर्यंत आक्रसतं. त्या मापात तुमचं चित्र पाहिलं तर किल्ला धुक्यात विरून जातो आणि उरते तिरकी तलवार, बघणाऱ्यावर रोखलेली नजर आणि तडे गेलेल्या लोखंडी अक्षरांतलं नाव. एकच माणूस, तिरकी रेषा, उगारलेलं शस्त्र, ही सगळी ॲक्शन गेमची खूण झाली. पत्ता एकही दिसत नाही. तेव्हा दुरुस्तीत असं लिहा: तलवार म्यानात, हातात पंख्यासारखे धरलेले पाच पत्ते, पत्त्यांच्या कडा लहान मापातही ओळखू येतील एवढ्या जाड, समोर वरून दिसणारा किल्ला आणि त्याभोवती छावणीचे तंबू, नावाची अक्षरं साधी, तडे नकोत. मावळा राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. ‘पत्त्यांचा गेम’ असं चित्रावरच लिहून टाकायची पळवाट मात्र नाही. 1 सप्टेंबर 2022 पासून स्टीमच्या नियमानुसार या चित्रांवर गेमची कलाकृती, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. पुरस्कार, रिव्ह्यूतली वाक्यं, सवलतीचा मजकूर यांना मनाई आहे.

दुरुस्त चित्र मान्य करण्याआधी ते तपासून घ्या. स्टीमवर त्याच टॅगखालच्या, म्हणजे त्याच प्रकारच्या, आठ गेम्सच्या चित्रांमध्ये तुमचं चित्र लहान मापात ठेवा आणि गेमबद्दल काहीही माहीत नसलेल्या दहा-बारा जणांना दोन-तीन सेकंद दाखवा. ‘आवडलं का?’ असं विचारू नका, ‘यात खेळणारा काय करतो?’ असं विचारा. उत्तरं त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. मित्रांना विचारलं तर उपयोग नाही, त्यांना गेम आधीच ठाऊक असतो. नुसते क्लिकही पाहू नका. दिशाभूल करणाऱ्या चित्राला क्लिक भरपूर मिळतात, म्हणून पेजला दिलेल्या भेटी, विशलिस्ट (पुढे घेऊ म्हणून केलेल्या नोंदी) आणि रिफंड हे तिन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. या चाचणीच्या नोंदी चित्रकाराविरुद्ध वापरायच्या नाहीत. उद्या ग्राहकाची तक्रार आली तर तुम्ही चूक कळताच सुधारली हे दाखवायला त्या लागतील.

आता कॉपीराइट. इथे तुमची बाजू खरोखर कच्ची आहे. पैसे दिले म्हणजे चित्र आपलं झालं, असा बहुतेकांचा समज असतो. कॉपीराइट अधिनियम, 1957 च्या कलम 17 नुसार पहिला मालक चित्रकारच असतो. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या ‘पेंटिंग’बाबत त्यात अपवाद आहे, पण ‘ड्रॉइंग’ हा शब्द त्या अपवादात नाही. टॅबलेटवर काढलेलं चित्र यातलं कशात मोडतं यावर वाद घालत बसणं 15,000 रुपयांसाठी परवडणारं नाही. त्याऐवजी राहिलेली रक्कम आणि हक्कांचं लेखी हस्तांतरण, म्हणजे असाइनमेंट, एकाच वेळी उरकून घ्या. मूळ फाईल ठरावात नव्हती, म्हणून ती हक्काने मागता येणार नाही. चार-पाच हजार जास्त देऊन मिळत असेल तर घ्या.

असाइनमेंटचा कागद कलम 19 प्रमाणे असायला हवा. तो लेखी असावा, त्यावर चित्रकाराची सही असावी, चित्र कोणतं, कोणते हक्क, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी हे स्पष्ट असावं, मोबदलाही लिहावा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो, आणि तुमचा गेम तर जगभर विकला जातो. म्हणून ‘संपूर्ण जग, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी’ असं शब्दशः लिहा. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो आपोआप संपतो, अशीही तरतूद आहे. ती लागू होणार नाही हे त्याच कागदात नमूद करा, नाहीतर टी-शर्ट, पोस्टर किंवा पुढच्या भागासाठी अडाल.

एवढ्यावरही एक हक्क चित्रकाराकडेच राहतो. आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी कलाकृतीची मोडतोड झाली तर कलम 57 खाली तो दाद मागू शकतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातून काढून टाकलेल्या भित्तिशिल्पाबद्दल अमरनाथ सेहगल यांना 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भरपाईही दिली आणि शिल्पाचे अवशेषही परत करायला लावले. तेव्हा ‘गेमचा प्रकार स्पष्ट व्हावा म्हणून रचना, रंग व अक्षरं बदलायला माझी संमती आहे, बदललेल्या चित्रावर माझं नाव नको असल्यास मी तसं कळवीन’ असं एक वाक्य घाला. समोरच्या कलावंताचा मानही त्यात राहतो.

सही होईपर्यंत दुसऱ्या कोणाला त्या चित्राला हात लावू देऊ नका. स्टीमची कंपनी अमेरिकेतली, तिथल्या कायद्याप्रमाणे कॉपीराइटची नोटीस गेली की मजकूर आधी खाली उतरतो. तक्रार चुकीची आहे अशी प्रतिनोटीस तुम्ही दिलीत तरी तो परत यायला कामाचे 10 ते 14 दिवस लागू शकतात. सेल त्याच काळात आला तर काय होईल ते तुम्ही जाणताच. चित्रकार अजिबात ऐकत नसेल तर तो मावळा, ती रचना गिरवून घेऊ नका. कोऱ्या पानावर नवं चित्र करून घ्या आणि यावेळी वरचा कागद आधी करा.

राहिला ग्राहकाचा प्रश्न. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये इंटरनेटवरचं दृश्य सादरीकरणही जाहिरात धरलं जातं, आणि वस्तूच्या स्वरूपाबद्दल दिशाभूल होण्याची शक्यता असेल तर ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. गेमचा प्रकार म्हणजे त्याचं स्वरूपच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशी जाहिरात थांबवायला किंवा बदलायला लावू शकतं आणि पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं. तुमच्याबाबत तो धोका मी आज कमी मानतो, कारण तुमचे स्क्रीनशॉट आणि टॅग प्रामाणिक आहेत, आणि खरेदीपासून 14 दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचा रिफंड स्टीम देतं. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने 2016 मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ या गेमच्या स्टीम पेजविरुद्धच्या तक्रारी फेटाळल्या, पण 2020 मध्ये ‘होमस्केप्स’ या गेमच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. त्यात दाखवलेला खेळ प्रत्यक्ष गेमचं प्रतिनिधित्व करत नव्हता, आणि ‘सर्व चित्रं प्रत्यक्ष खेळातली नाहीत’ ही बारीक ओळ पुरेशी मानली नाही. हे निर्णय आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या आपल्याकडच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही डिस्क्लेमर लिहून दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करता येत नाही, असंच म्हटलं आहे.

रिव्ह्यूंमधून तुम्हाला चूक कळली आहे, आणि कळल्यानंतरही तेच चित्र महिनोन्‌महिने ठेवलं तर मात्र ‘नकळत झालं’ हा बचाव टिकणार नाही. चित्र बदलेपर्यंत पेजवरच्या छोट्या वर्णनाचं पहिलं वाक्य ‘पत्त्यांवर चालणारा, पाळीपाळीने खेळायचा डावपेचांचा गेम’ असं करा आणि पहिला स्क्रीनशॉट पत्ते दिसतील असा लावा. ‘फसवणूक’ लिहिणाऱ्यांना बदनामीची धमकी देऊ नका, चित्र बदलतो आहोत एवढंच सभ्य उत्तर द्या. चित्रकाराशी झालेले चॅट असलेला फोन फॉरमॅट करू नका किंवा विकू नका. प्रकरण कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे त्या चॅटसोबत हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे ओळखायचा संकेतांक) असलेलं प्रमाणपत्र जोडावं लागेल, आणि ते मूळ फोनवरून करून घेणं सगळ्यात सोपं जातं.