पियानो वाजवणाऱ्यांना कोणत्या काळातलं पाश्चात्त्य संगीत वाजवायला सर्वात जास्त आवडतं?

तुमची ग्रेड ३ (पियानोच्या परीक्षेची तिसरी पायरी) झालीय आणि घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे, म्हणजे तुमचे खरं तर दोन प्रश्न आहेत: पियानोवाल्यांचा लाडका काळ कोणता, आणि त्या कीबोर्डवर त्यातलं काय जमेल. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. बहुतेक जण रोमँटिक काळ म्हणतील, म्हणजे १९वं शतक, शोपँ, शुमान, लिस्ट, ब्राम्स.

याचं कारण नुसतं भावनेत शोधू नका, वाद्यात शोधा. १८२१ साली पॅरिसच्या एरारने अशी यंत्रणा पेटंट केली की पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच सूर पुन्हा वाजवता येतो. १८२५ मध्ये बोस्टनच्या बॅबकॉकने एकसंध ओतीव लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं. चौकट भक्कम झाल्यामुळे तारा जास्त ताणता आल्या आणि आवाज वाढला. या पिढीने लिहिलं ते अशा बदलत्या पियानोवर बसून, त्यामुळे ते हाताखाली बसतं.

शोपँ शिष्यांना सी मेजर स्केलऐवजी (सगळ्या पांढऱ्या पट्ट्या) आधी बी मेजरकडे न्यायचा. पेटीच्या भाषेत सांगायचं तर अंगठा पांढरी तीनवर, पुढची तीन लांब बोटं काळी तीन, चार, पाचवर आणि करंगळी पांढरी सातवर. असा हात एकदा ठेवून बघा. बोटं आपसूक गोलाकार होतात. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर लांब बोटांना विनाकारण आखडावं लागतं. म्हणूनच चार-पाच शार्प-फ्लॅट (तीव्र-कोमल सुरांच्या खुणा) पाहून घाबरू नका. वाचायला कठीण असलेलं पुष्कळदा वाजवायला सोपं निघतं.

सुरुवात शोपँच्या ओपस २८ या संग्रहातल्या ४ क्रमांकाच्या ई मायनर प्रेल्यूडने (छोट्या तुकड्याने) करा. जेमतेम २५ बार आहेत. डाव्या हाताला सलग कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक सूर), उजव्याला लांब सूर. इथे हमखास बिघडतं ते असं: पियानोचा सूर लागल्या क्षणापासून विरत जातो, कॉर्ड मात्र दर ठोक्याला नव्याने येतात, आणि चौथ्या कॉर्डपर्यंत चाल बुडून जाते. उपाय म्हणजे कॉर्ड वाजवताना बोटं पट्टीवरून उचलायचीच नाहीत. पट्टी अर्ध्यावर आली की पुन्हा खाली. साध्या कीबोर्डवर हे जमत नाही, कारण पट्टी बरीच वर आल्याशिवाय सूर पुन्हा लागत नाही आणि सगळं तुटक ऐकू येतं. दोष तुमचा नाही. नवीन डिजिटल पियानो घेताना पट्टीखाली दोन सेन्सर आहेत की तीन, हे दुकानात विचारा. तीन असतील तर हा त्रास कमी होतो.

शोपँच्या रुबातोबद्दल, म्हणजे लय थोडी सैल सोडण्याबद्दल, पुष्कळ गैरसमज आहे. डावा हात लयीत ठेवा आणि उजव्याला सैल सोडा, असं तो शिकवायचा. ठेका सरळ चाललाय आणि गायक त्यावर रेंगाळून नेमका समेवर येतोय, हे आपण शेकडो वेळा ऐकलेलं असतं. तेच इथे करायचं. दोन्ही हात एकदम हळू करणं म्हणजे नुसतीच ढिलाई.

सूर लांबवणाऱ्या उजव्या पेडलचा क्रमही सांगतो: नवीन कॉर्ड वाजते त्याच क्षणी पाय वर आणि लगेच पुन्हा खाली. कॉर्डच्या आधी पाय उचलला तर मध्ये भोक पडतं, उशिरा उचलला तर दोन कॉर्ड मिसळतात.

हाताचं मापही घ्या. पियानोवर पांढऱ्या पट्ट्यांचा ऑक्टेव्ह (सप्तक) साधारण १६.५ सेंमी भरतो. तो ताणूनच पुरत असेल तर राखमानिनॉफ सध्या ऐकण्यापुरताच ठेवा. १८९२च्या त्याच्या सी शार्प मायनर प्रेल्यूडमध्ये कॉर्ड इतके पसरतात की शेवटाकडे ते नेहमीच्या दोनऐवजी चार स्टाफवर (स्वरलिपीच्या पाच रेघांच्या ओळींवर) लिहावे लागलेत.

आता ६१ पट्ट्या. त्यावर सर्वात चांगला बसतो बाख. त्याच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर’ या संग्रहाचा १७२२चा पहिला भाग चार ऑक्टेव्हमध्ये मावतो आणि पेडल त्या काळी नव्हतंच. त्याच्याच पंधरा टू-पार्ट इन्व्हेन्शनपैकी (दोन हातांना दोन स्वतंत्र चाली असलेल्या तुकड्यांपैकी) पहिलं घ्या, २२ बारचं. फिंगरिंग पहिल्याच दिवशी पेन्सिलने लिहा आणि बदलू नका. रोज वेगळी बोटं पडली तर महिनाभरानेही ते कच्चंच राहतं. एक हात वाजवा, दुसऱ्याची ओळ गा. गाता आली नाही तर ती कानात शिरलेली नाही असं समजा. चार-पाच जागी खुणा करून तिथून मधूनच सुरू करायचा सराव ठेवा, नाहीतर एकदा गाडी घसरली की थेट पहिल्या बारवर परत यावं लागतं. ट्रिल (शेजारचे दोन सूर झपाट्याने आलटून पालटून) वरच्या सुरावरून सुरू करा. १७२० साली मुलासाठी केलेल्या वहीत बाखने तसंच लिहून ठेवलंय.

मोझार्टचा पियानो पाच ऑक्टेव्हचा, म्हणजे ६१ पट्ट्यांचाच. पण तो एफपासून सुरू व्हायचा आणि तुमचा कीबोर्ड बहुधा सीपासून, त्यामुळे खालच्या सात पट्ट्या कमी पडतात. त्याचा के. ५४५ क्रमांकाचा सोनाटा (१७८८) सोपा म्हणून दिला जातो. मला तो सोपा वाटत नाही. डाव्या हातात करंगळी-अंगठा-मधलं बोट-अंगठा असं चक्र आहे. दर दुसरा सूर अंगठ्याचा, आणि अंगठा जड, म्हणून चालीपेक्षा तोच ठणठणतो. मेट्रोनोम ६०वर ठेवून डावा हात एकटाच, अगदी हळू आवाजात घोटा.

देब्युसीचं ‘क्लेर द ल्यून’ सगळ्यांनाच हवं असतं. त्यात पेडल अर्धवट उचलून आवाज थोडासाच पुसावा लागतो. कीबोर्डसोबत येणारं चौकोनी पेडल बहुतेक वेळा नुसतं बटण असतं, चालू किंवा बंद. हाफ-पेडल ओळखणारं पेडल आणि ते ओळखणारं वाद्य, दोन्ही लागतं.

विसाव्या शतकातला बार्टोक मराठी कानाला अनपेक्षितपणे सोपा जातो. ‘मिक्रोकॉस्मॉस’च्या १५३ तुकड्यांत ११३वा सात मात्रांचा आहे, २-२-३. आपला रूपक ३-२-२. मोजायला बोटं लागत नाहीत, फक्त वजन कुठे पडतं ते बदलायचं.

पुण्याच्या कॅम्पातल्या माझदा हॉलमध्ये पियानोचा कार्यक्रम असेल तेव्हा डाव्या बाजूला, पुढे बसा. तिथून वादकाचे हात दिसतात आणि पेडलवरचा उजवा पायही. शोपँ चालू असताना थोडा वेळ फक्त पायाकडे बघा.