डोळे उघडे असूनही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

प्लाटून हाती आली, छान झालं. 'ऐन वेळी घाबरलो तर?' असं विचारलं आहेस. घाबरशीलच. तुझ्या हिमतीची मला शंका नाही, पण भीती आधी लक्षावर घाला घालते, त्याची तयारी ठेव.

धास्ती वाढली की नजर एकाच जागी खिळते. समोरच्या झुडपातली हालचाल लख्ख दिसते, डाव्या बाजूची पायवाट दिसतच नाही. वायरलेसवर दोनदा पुकारलेलंही कानावर येत नाही. अशा जवानाला 'बहिरा झालास का?' म्हणून झापू नकोस; त्याने तो आणखी आकसतो. नाव घे, खांद्याला हात लाव, एका वेळी एकच हुकूम दे.

दिशा, साथीदारांच्या जागा, उरलेल्या गोळ्या हे सगळं त्या क्षणी डोक्यात धरावं लागतं आणि तिथे जागा थोडी. 'चुकलं तर?' हा विचार त्यातलीच जागा खातो. गोळी सुटायचीही गरज नसते. मेंदू आणि लक्ष यांचा अभ्यास करणाऱ्या अमिशी झा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकी मरीन राखीव सैनिकांवरचा अभ्यास छापला. तैनातीआधीच्या धावपळीतच त्यांची ही डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता घसरत होती. ध्यानाचा सराव नेटाने केलेल्यांची मात्र टिकली. (शवासनात घोरणाऱ्यांना हे लागू नाही!)

अडकलेली रायफल मोकळी करणं आपण हातात बसेपर्यंत घोटतो ते याचसाठी. हाताला येतं त्याला डोकं कमी लागतं. पण घाबरलेला माणूस सवयीलाच चिकटतो, प्रसंग बदलला तरी. म्हणून सरावात मध्येच योजना मोडत जा.

चकमकीनंतरच्या रिपोर्टबाबत जास्त सावध राहा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाचशेहून अधिक सैनिकांना नकली युद्धकैदी छावणीत ठेवलं होतं. धाकदपटशाने झालेली चौकशी अर्ध्या तासाहून जास्त चालली, तरी समोर बसलेल्या त्या अधिकाऱ्याचा चेहरा अनेकांना दुसऱ्या दिवशी ओळखता आला नाही. सौम्य चौकशीतला चेहरा कितीतरी जास्त जणांनी ओळखला. तेव्हा जवान छातीठोकपणे सांगतो म्हणून ते खरंच असेल असं धरू नकोस, आणि चुकला तर खोटारडाही ठरवू नकोस. चहावर सगळे एकमेकांशी बोलण्याआधी प्रत्येकाचं वेगळं ऐकून लिहून घे. तुझं स्वतःचं सगळ्यात आधी लिही.

पोस्टवर पोचलास की सुभेदारसाहेबांना विचार: ताण आला की आपल्यातलं कोण गप्प होतं आणि कोण उगाच बडबडतं? त्यांना सगळं ठाऊक असतं, पण नवे साहेब सहसा विचारत नाहीत.

तुझा,
काका