मराठवाड्यात राहून कोझी क्राइम (रक्तपात न दाखवता गावातल्या घरगुती वातावरणात घडणारी रहस्यकथा) लेखिका म्हणून करिअर होईल का, की पुण्याला जावं लागेल?

जाऊ नका. तिथं घरभाड्यासाठी नोकरी धराल आणि लिहायचं राहून जाईल.

मी औशाकडची. डी. फार्म. झालंय, मेडिकल चालवते, रात्री शटर ओढल्यावर लिहिते. माझी पहिली कादंबरी येळवसेची, म्हणजे वेळ अमावस्येची. लातूर-धाराशिवच्या माणसाला सांगायला नको, पण तुम्ही जालन्याच्या म्हणून सांगते. मार्गशीर्षातल्या अवसेला आमच्याकडं अख्खं गाव रानात असतं. कडब्याची कोप, भज्जी, उंडे, आंबील. गल्लीत चिटपाखरू नसतं. घरी एकटी राहिलेली म्हातारी त्याच दिवशी मरते आणि जो तो म्हणतो, आम्ही तर रानात होतो. अंगणवाडीच्या ताईंना मेळ लागतो तो बिंदग्यावरून, म्हणजे आंबिलीच्या भांड्यावरून. सकाळी आंबील भरून डोक्यावर नेलेलं बिंदगं, गाव परतलं तेव्हा घरात धुऊन पालथं घातलेलं, पार कोरडं. म्हणजे दुपारीच कुणीतरी येऊन गेलं होतं.

एका मोठ्या प्रकाशनाच्या संपादकांचा फोन आला. लिखाण आवडलं, पण येळवस कुणाला कळणार, त्याऐवजी दिवाळी करा. शिवाय मराठवाडा आहे तर थोडा दुष्काळ येऊ द्या. अहो, दिवाळीत घर लेकी-जावयांनी भरलेलं असतं! रिकामं गाव हाच माझा सगळा पेच होता. तरी चार महिने मी दिवाळी करत बसले. त्या चार महिन्यांचा राग अजून जात नाही.

अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांमधलं सेंट मेरी मीड हे इंग्लंडातलं खेडं आपण वाचतोच की. तिथला व्हिकार, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, कोण, त्याच्या बागेत चहाला कोण कुणाला बोलावतं, हे लातुरात बसून समजून घेतलं. मग पुण्याच्या वाचकाला बिंदगं का समजू नये? ख्रिस्तीबाईंनी पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम केलं, विषांची माहिती तिथलीच. पहिली कादंबरी १९२० साली आली, तीही बऱ्याच प्रकाशकांनी नाकारल्यावर. तुमच्या हाताखालचं काम काय आहे ते बघा, गुन्हा तिथंच सापडेल.

तीन वर्षांनी माझी येळवस जशीच्या तशी छापली गेली. त्या संपादकांना एक प्रत पाठवली. पोच आली नाही.

पैशाचं सांगायचं राहिलं. ५०० प्रती, किंमत २५० रुपये, माझा करार दहा टक्क्यांचा. सगळ्या खपल्या तरी साडेबारा हजार. मेडिकल म्हणूनच सोडलं नाही.

आणि कथा कितीही घरगुती असली तरी संशयास्पद मृत्यू झाला की पोलीस पाटलानं ठाण्यात खबर द्यायची, मग अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४. तुमची गोष्ट कोणत्या सालातली आहे ते आधी ठरवा आणि तोच आकडा घाला.