आधी एक झाड मोज

प्रिय दोस्ता,

वाघळांवर काम सुरू करण्याबद्दलची तुझी मेल वाचली. कोणता डिटेक्टर (वाघळांचे आपल्याला ऐकू न येणारे आवाज पकडणारं यंत्र) घ्यावा, जाळी कुठून मागवावी, हातमोजे किती जाड हवेत, हे तुझे सगळे प्रश्न वाघूळ हातात आल्यावरचे आहेत. उत्तरं देते, पण तूर्तास वाघूळ हातात घ्यायचंच नाही. निदान वर्षभर तरी नाही.

त्याऐवजी घराजवळची एक वसाहत निवड. मोठी फळवाघळं एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारात किंवा नदीकाठच्या वडा-पिंपळांवर लटकलेली असतात आणि खालून लोक वर न बघता जात असतात. तिथे दर पंधरवड्याला संध्याकाळी जाऊन मोजणी कर. नोव्हेंबरअखेरीस पुण्यात सूर्य सहाच्या आत मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातला, म्हणजे घड्याळाची वेळ ठरवून चालणार नाही, सूर्यास्त धरावा लागेल. पश्चिमेचं आकाश मोकळं दिसेल अशी जागा धर, कारण शेवटच्या उजेडावर काळी आकृती दिसते, झाडाच्या पार्श्वभूमीवर काहीच दिसत नाही. आधी दोन-चार जण उठतात, घिरट्या घालतात आणि परत बसतात. ते मोजायचे नाहीत. मग एकदम लोंढा सुटतो. त्या वेळी एकेक मोजणारा हमखास चुकतो. दहाचा गठ्ठा डोळ्याने पकडून हातातल्या क्लिकरवर, म्हणजे मोजणीच्या यंत्रावर, एक क्लिक करायची. बाहेर पडायच्या दिशा दोन असतील तर माणसंही दोन हवीत, आणि आकडे शेवटपर्यंत एकमेकांना सांगायचे नाहीत. दुसऱ्याचा आकडा ऐकला की आपला त्याच्याकडे सरकतो.

वर्षभर का, तर आकडा हलत राहतो म्हणून. फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत पिल्लं होतात, मादीला वर्षाला एकच. सुरुवातीचे काही आठवडे ती पिल्लाला पोटाशी घेऊनच उडते, तेव्हा तुझ्या एका क्लिकमध्ये कधी कधी दोन जीव असतात. काटेसावर फुलली, वड-उंबर पिकले की कळप त्या बाजूला सरकतो. मे महिन्यात एकदाच येऊन 'निम्मी वाघळं गेली' अशी बातमी देणारे खूप भेटतील. त्यांच्याकडे फेब्रुवारीचा आकडा नसतो. तुझ्याकडे असला, तर महापालिकेत झाडतोडीच्या हरकतीवर तुझं म्हणणं वेगळ्या कानांनी ऐकलं जाईल. १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली हरकत कुणीही घेऊ शकतो, पण तारीखवार नोंदी घेऊन जाणारे फार थोडे.

दिवसाही जा. एप्रिलच्या दुपारी दुर्बीण लावून एकाच प्राण्याकडे दहा मिनिटं बघ. एक पंख मिटलेला, दुसऱ्याने सावकाश वारा घेणं चाललेलं असतं. ऊन वाढलं की छाती आणि पंख चाटून ओले करतात. किती जण वारा घेतायत आणि किती जण चाटतायत, हे तापमानासोबत लिहून ठेव. ऑस्ट्रेलियात पारा ४२ अंशांच्या वर गेल्यावर याच कुळातली वाघळं हजारोंनी झाडाखाली पडली आहेत. आपल्या झाडाखाली तशी वेळ आली तर आधीची लक्षणं ओळखणारं कुणीतरी हवं. तिथल्या वॉचमनशी ओळख वाढव. कोणती फांदी कधी तुटली आणि फटाके कुठल्या गल्लीतून येतात, हे त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. संक्रांतीच्या आसपास तारांवर आणि झाडांवर मांजात अडकलेली दिसतील. स्वतः चढू नकोस, अग्निशमन दलाला १०१ किंवा वनखात्याला १९२६ वर फोन लाव.

रात्री टॉर्च घेऊन हिंडणं ही या कामाची हौस झाली. खरं काम दिवसाउजेडी, माणसांत चालतं. सोसायटीचे चेअरमन तुला बोलावतील. अशोकाच्या ओळीत छोटी फळवाघळं लटकतात, खालच्या गाडीवर चघळून टाकलेला चोथा आणि डाग पडतात, तक्रार एवढीच असते. तिथे परागीभवनावर व्याख्यान झोडू नकोस. पार्किंग दोन फूट सरकवता येईल का, गाडीवर कव्हर घालता येईल का, हे आधी विचार. व्याख्यानाची वेळ नंतर येते, कुणीतरी स्वतःहून विचारल्यावर. (पुण्यात कुणीतरी विचारतंच, आणि उत्तर अर्ध्यावर असताना दुरुस्तीही करतं.)

विषाणूंचा प्रश्न तर येणारच, तो टाळू नकोस. 'वाघळांपासून काहीच धोका नाही' असं म्हणणारा कार्यकर्ता एका बातमीत उघडा पडतो. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने दोन जातींच्या वाघळांत कोरोना कुळातले विषाणू सापडल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध केलं; ते कोविडचे नव्हेत. महाबळेश्वरच्या गुहेतून त्याच वर्षी घेतलेल्या नमुन्यांत निपाह या जीवघेण्या विषाणूच्या खुणाही मिळाल्या. हे सगळं सांग, आणि पुढचंही सांग. बांगलादेशात निपाह माणसांत येण्याचा मोठा मार्ग खजुरीचा कच्चा रस आहे, कारण रसाच्या मडक्याला वाघळं तोंड लावतात. झाडावर लटकलेलं वाघूळ खालून जाणाऱ्याला काही देत नाही. उष्टं फळ खाऊ नये, मेलेलं किंवा पडलेलं वाघूळ उघड्या हाताने उचलू नये, एवढं लोकांना पटलं की पुष्कळ झालं. झाड तोडून वसाहत उठवली तर प्राणी नाहीसे होत नाहीत, घाबरून विखुरतात आणि आणखी चार ठिकाणी जाऊन बसतात. हा मुद्दा मी दर सभेत शेवटी ठेवते, तोवर ऐकणारे थोडे शांत झालेले असतात.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळवाघळं उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली, अंमल १ एप्रिल २०२३ पासून. मोठं फळवाघूळ आता दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांत आहे. वन कर्मचाऱ्यांपैकीही काहींच्या डोक्यात अजून जुनी यादी असते, म्हणून दुरुस्तीची छापील प्रत पिशवीत ठेव.

आता तुझी जाळी. पकडायचं असेल तर नागपूरच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि अर्जात पहिला प्रश्न असतो 'कशासाठी'. वर्षाच्या नोंदी असल्या तर याचं उत्तर तुझ्याकडे आपोआप असेल. त्याआधी रेबीजची लस घे, चावल्यानंतरची नव्हे, आधी घ्यायची. गुहेत आणि लेण्यांत एन-९५ मास्क लावायचा. साठलेल्या लेंडीतली बुरशी फुप्फुसात जाते, शिवाय आपल्याकडचा आजार त्यांना जाऊ नये म्हणूनही. डिटेक्टर पाकोळ्यांसाठी, म्हणजे लहान कीटकभक्षी वाघळांसाठी आहे. मोठं फळवाघूळ डोळ्यांनी आणि नाकाने वाट काढतं, त्याच्याखाली महागडं यंत्र धरून उभं राहण्यात अर्थ नाही.

पोटापाण्याचं विचारलंयस. फेलोशिप येते, संपते, मध्ये रिकामे महिने जातात. पवनचक्क्यांच्या पात्यांना वाघळं बळी पडतात हे जगभर नोंदलं गेलंय, पण आपल्याकडे त्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरीच लागत नाही, त्यामुळे पाहणीसाठी पैसे मोजणारेही कमी. घरच्यांना हे आजच सांग. दुसऱ्या कुठल्या तरी दारातून आत येण्यात कमीपणा मानू नकोस. कर्नाटकातल्या कोलारच्या वाघळाचं शास्त्रीय वर्णन १९९४ मध्ये ज्या दोघांनी केलं, त्यांतले भट पुण्याच्या विषाणू संस्थेतले. ती जात आज कोलारजवळच्या एका छोट्या जागेपुरती उरली आहे, आणि तिथला खडक फोडला जात होता. कुणीतरी आधी नाव देऊन, जागा लिहून ठेवली होती म्हणून तर खडक फोडणं थांबवा असं म्हणता आलं.

रविवारी पाचला ये. क्लिकर माझ्याकडे दोन आहेत. वही मात्र स्वतःची आण, मोबाइलच्या उजेडाने डोळे दिपतात आणि पुढचे पन्नास निसटतात. ओडोमॉस विसरू नकोस.

तुझी,
ताई