चार पीएस गेले कुठे?

प्रश्न : माझ्याकडे 2014 ची कावासाकी निन्जा 650 आहे. ती देऊन 2017 नंतरची घ्यावी म्हणतोय. पण कागदावर जुनीची ताकद 72 पीएस (हॉर्सपॉवरचं मेट्रिक माप) आणि नवीची 68. इंजिन तेच, 649 सीसीचं. नवं मॉडेल आणायचं आणि ताकद कमी करायची, ही कुठली सुधारणा?

उत्तर : हा आकडा वाचून मीही नाक मुरडलं होतं. मग एकदा दोन्ही गाड्या शेजारी उभ्या मिळाल्या, तेव्हा इंजिन बंद ठेवून, न्यूट्रलमध्ये, हाताने मागे ढकलून पाहिल्या. जुनी ढकलताना कंबर बोलायला लागते. नवी निमूट येते.

एबीएसवाली जुनी 211 किलोची, नवी 193 ची. मेख फ्रेममध्ये आहे. जुनी फ्रेम काढून बारीक पोलादी नळ्यांची ट्रेलिस फ्रेम बसवली, ती अवघी 15 किलोची. मागचं चाक धरणारा स्विंगआर्मही 4.8 किलोवर आला. जुन्या गाडीचा मागचा शॉकर एका बाजूला, उघडा आणि लिंकेजशिवाय, म्हणजे मधल्या जोडदांड्यांशिवाय होता. तो आता लिंकेजसह आडवा बसवलाय. खड्ड्यांतला फरक मला ताकदीच्या फरकाआधी जाणवला.

आता तुमचा हिशेब. चालवणारा 75 किलोचा धरा. जुनीत एका पीएसच्या वाट्याला 3.97 किलो येतात, नवीत 3.94. म्हणजे तुमचं नुकसान काहीच नाही.

गेलेले चार पीएस वरच्या आरपीएमचे, म्हणजे इंजिन मिनिटाला जास्त फेरे घेतं तेव्हाचे. इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटलचा व्यास 38 मिमीवरून 36 केला, झडपा उघडणाऱ्या कॅमचं टायमिंग बदललं. वाट अरुंद झाली की कमी आरपीएमला हवा जोरात आत शिरते आणि पिकअप लवकर मिळतो. वर गेल्यावर मात्र तीच वाट गळा आवळते. रोजच्या चालवण्यात लाल रेषेपर्यंत किती वेळा जाता, हे स्वतःलाच विचारा. (मी विचारलं. उत्तर लाजिरवाणं होतं.)

जुनीचा एक गुण मात्र मान्य करतो : लांब सरळ रस्त्यावर ती मला जास्त शांत वाटते.

ट्रायल घेताना तिसऱ्या गिअरमध्ये चार हजार आरपीएमवरून थ्रॉटल उघडा, आणि परत आल्यावर लगेच स्वतःच्या गाडीवर तेच करा. उंच असाल तर गुडघेही तपासा. सीट 805 मिमीवरून 790 वर आलीय.