बोटीचा कॉकपिट ड्रेन तुंबलाय? आधी सीकॉक बघ

कॉकपिटमध्ये, म्हणजे बोट चालवायच्या उघड्या खोलगट जागेत, पाणी साचलं म्हणून लगेच ड्रेनमध्ये तार खुपसू नकोस. ड्रेनचा जुना होज (पाणी बाहेर नेणारा लवचिक पाइप) ठिसूळ झालेला असतो. वॉटरलाइनखाली, म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली, फाटला तर समुद्रच आत येतो. आधी सीकॉक, म्हणजे होज बोटीबाहेर उघडतो त्या भोकावरचा व्हॉल्व्ह, फिरतो का बघ. जाम असेल तर जोर लावू नकोस, बोट पाण्याबाहेर काढेपर्यंत होजला हात नको.

फिरत असेल तर प्लंजर हलक्या हातानं मार, आणि तेव्हा कुणालातरी खाली होजच्या जोडावर नजर ठेवायला सांग. नाहीच सुटलं, तर सीकॉक बंद करून, लाकडी बूच हाताशी ठेवून होज काढ. काढलाच आहेस तर साफ कसला करतोस, नवाच घाल! सीकॉकच्या टोकाला दोन स्टेनलेस क्लॅम्प. ड्रेन क्लीनर मात्र नको, तो शेवटी समुद्रातच जातो.